आयसोलेशन रूमच्या दारावर पाटी आहे, पण आतली हवा जाते कुठे?

जिल्हा रुग्णालयाच्या आवारात नवं बांधकाम चालू असेल तर जाता-येता तिथला बोर्ड वाचून बघा. बऱ्याच ठिकाणी 'क्रिटिकल केअर ब्लॉक' असं लिहिलेलं सापडेल. हे ब्लॉक केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत हेल्थ इन्फ्रास्ट्रक्चर मिशनमधून येतात. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी वाराणसीत ही योजना सुरू केली. खर्च ६४,१८० कोटी रुपये, मूळ मुदत २०२५-२६ पर्यंत. पाच लाखांहून जास्त वस्तीच्या जिल्ह्यांत ५० ते १०० खाटांचा एकेक ब्लॉक, आणि त्यात अतिदक्षता खाटांसोबत आयसोलेशन वॉर्ड व आयसोलेशन रूमही धरलेल्या आहेत. कोविडच्या वेळी जे आपल्याकडे नव्हतं ते आता सिमेंट-विटांत उतरतंय, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण इमारत उभी राहताना चर्चा कशाची होते? खाटा किती, व्हेंटिलेटर किती, उद्घाटनाला कोण येणार. खोलीत हवा कुठून येणार आणि कुठून बाहेर जाणार, हे कुणी विचारत नाही. आयसोलेशन रूममध्ये मुख्य काम हवेचंच असतं. खाट तर कुठल्याही खोलीत टाकता येते.

हा प्रश्न आपल्या घरांचा का आहे, ते समजायला फार मागे जावं लागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवरची साथ आली तेव्हा बातम्यांत पुन्हा पुन्हा कोणती नावं होती? गोवंडी, मालेगाव, भिवंडी. लहान मुलं दगावली. गोवरचा विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. ताप आणि अंगावर पुरळ असलेलं मूल ओपीडीच्या बाकावर अर्धा तास बसलं, नंतर घरी गेलं, तरी त्या बाकावर मागाहून येऊन बसणारं मूल सुरक्षित नाही. गोवरच्या लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यात मिळतो. सात महिन्यांचं बाळ खोकल्यासाठी आणलंय, त्याला लस मिळायची आहे, आणि शेजारच्या बाकावर गोवर बसलाय. त्या साथीत जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही गोवर होत होता, तिथे सहाव्या महिन्यानंतर जादा डोस द्यायची मुभा केंद्राला द्यावी लागली, ती याच कारणाने.

म्हणजे ही खोली आतल्या रुग्णासाठी जितकी, तितकीच बाहेरच्या रांगेतल्या बाळासाठी असते.

आता ती नेमकी कशी असते ते पाहू. हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी, म्हणजे टीबी, गोवर, कांजिण्या, कोविड यांसाठी, खोलीतला हवेचा दाब बाहेरच्या कॉरिडॉरपेक्षा थोडासा कमी ठेवतात. पंखा आतली हवा जास्त जोराने बाहेर खेचतो, त्यामुळे दाराच्या फटीतून हवा कॉरिडॉरमधून आत येते, आतून बाहेर जात नाही. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या नियमांत हा फरक किमान २.५ पास्कल सांगितलाय. हा आकडा अगदी बारीक आहे, कानाला जाणवणार नाही इतका. पण दिशा पक्की राहते, आणि सगळा खेळ दिशेचा आहे. खेचलेली हवा उंचावर, कुणाच्या खिडकीपासून लांब सोडतात, किंवा हेपा फिल्टरमधून गाळतात. दार आपोआप बंद होणारं हवं. जमलं तर दोन दारांमध्ये एक छोटी खोली हवी, जिथे सिस्टर गाऊन-मास्क चढवते-उतरवते.

दुसरा आकडा आहे हवा बदलण्याचा. खोलीत जितकी हवा मावते तितकी हवा तासात किती वेळा बदलते? नव्या आयसोलेशन रूमसाठी १२ वेळा, जुन्या खोलीत किमान ६ वेळा, असं मानतात. याचा अर्थ घड्याळाच्या हिशोबात बघा. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण साधारण २३ मिनिटांत निघून जातात. ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. आणि तासाला फक्त दोनदा बदलत असेल, जसं खिडक्या लावलेल्या खोलीत होऊ शकतं, तर दोन तासांहून जास्त, १३८ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पुढचा रुग्ण त्याच खोलीत आणलेला असतो.

हे ऐकून वाटतं की हे सगळं कॉर्पोरेट हॉस्पिटलचं काम, आपल्या नर्सिंग होमच्या आवाक्यातलं नाही. जरा गणित करू. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे १२०० घनफूट हवा. ती तासाला १२ वेळा बदलायची तर १४,४०० घनफूट, साधारण ४०० घनमीटर हवा दर तासाला बाहेर टाकायची. भिंतीत बसवायच्या चांगल्या एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा खेचतो ते छापलेलं असतं, आणि हा आकडा गाठणारे पंखे बाजारात साधे मिळतात. पाइप जोडला, वळणं आली की ताकद घटते, म्हणून थोडा मोठा घ्यावा लागतो. पंखा स्वस्त आहे. महाग पडतं ते न विचार करता बांधलेलं मागाहून तोडणं.

आणि चुका तिथेच होतात. फॉल्स सीलिंग वरून दोन खोल्यांना एकत्र जोडतं, खाली मात्र पार्टिशन टाकून दोन 'आयसोलेशन' तयार. पंखा बसतो पण त्याचं तोंड जिन्यात किंवा पलीकडच्या चाळीच्या गॅलरीकडे उघडतं. पंखा दाराच्या अगदी वर बसवला तर दारातून आलेली हवा सरळ त्यातूनच निघून जाते, खाटेपाशी हवा हलतच नाही. स्विचबोर्डची, पाइपची भोकं तशीच उघडी राहतात. लाइट गेली की जनरेटरवर आयसीयू चालतो, पण एक्झॉस्टची जोडणी कुणी जनरेटरला दिलेलीच नसते. काही ठिकाणी तर उलटाच प्रकार, ऑपरेशन थिएटरसारखी बाहेरून स्वच्छ हवा आत ढकलतात. थिएटरसाठी ते बरोबरच आहे, कारण तिथे जखमेला बाहेरच्या जंतूंपासून वाचवायचंय. टीबीच्या पेशंटच्या खोलीत तसं केलं की त्याचा खोकला थेट कॉरिडॉरमध्ये ढकलला जातो.

सगळ्यात मोठा गैरसमज एसीचा. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरून नवी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा घेतो, थंड करतो, परत तिथेच सोडतो. आणि एसी लावला की खिडक्या बंद, वर पडदे. नातेवाइकांना वाटतं पेशंटची छान सोय झाली, बिलातही ती 'डिलक्स आयसोलेशन' म्हणून येते. प्रत्यक्षात खोकणारा माणूस आणि त्याच्या उशाशी बसलेली त्याची अम्मी एकाच कोंडलेल्या हवेत रात्र काढतात.

याबाबत पेरू देशातल्या लिमा शहरात झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लिमात टीबी भरपूर, पैसा बेताचा, म्हणजे आपल्यासारखीच स्थिती. संशोधकांनी आठ हॉस्पिटलांतल्या सत्तर खोल्यांत कार्बन डायऑक्साइड सोडून तो किती वेळात निघून जातो ते मोजलं. दारं-खिडक्या उघड्या असताना हवा तासाला मध्यमानाने २८ वेळा बदलत होती. यंत्राच्या आयसोलेशन रूमचं उद्दिष्टच १२ आहे, हे लक्षात घ्या. त्यातही १९५० च्या आधीच्या इमारती, उंच छताच्या, मोठमोठ्या खिडक्यांच्या, त्यांत आकडा ४० पर्यंत गेला, तर नंतरच्या आधुनिक इमारतींत १७ च्या आसपास. मग त्यांनी हिशोब मांडला की उपचार न घेतलेल्या टीबी रुग्णांसोबत २४ तास राहिलं तर किती जणांना लागण होईल. यंत्राने तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत ३९ टक्के. आधुनिक पण खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत ३३ टक्के. जुन्या उंच छताच्या वॉर्डात ११ टक्के.

मुंबईत, सोलापुरात, मिरजेत जे जुने दगडी वॉर्ड आपण 'पडके' म्हणून पाडायला निघालोय, त्यांच्या झरोक्यांना आणि व्हरांड्यांना काही कारण होतं. टीबीवर औषध नव्हतं त्या काळात हवा हाच इलाज होता. मिरजेजवळ वानलेसवाडीला सॅनेटोरियम झालं ते याच विचाराने. आणि त्याहीपेक्षा जुना एक किस्सा आपल्याकडे सांगितला जातो, की बगदादमध्ये दवाखान्याची जागा निवडायला सांगितल्यावर हकीम राझींनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे मांस सगळ्यात उशिरा सडलं ती जागा घेतली. किस्सा खरा-खोटा काहीही असो, दवाखाना बांधताना आधी हवा बघावी ही अक्कल हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना होती एवढं त्यातून कळतं.

मात्र यावरून 'खिडक्या उघडा, झालं' असं समजू नये. वारा पडला की उघडी खिडकीही निकामी होते, आणि वाऱ्याची दिशा फिरली तर वॉर्डातली हवा सिस्टरच्या टेबलाकडे येते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या अशा खोल्यांसाठी माप दिलं: दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी १६० लिटर हवा. साध्या वॉर्डाला ६० लिटर. भारत सरकारनेही २०१० मध्ये दवाखान्यांतल्या हवेतून होणाऱ्या संसर्गाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शिवडीच्या टीबी रुग्णालयात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच टीबी झाल्याच्या, काहींनी जीव गमावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. जुनी इमारत आहे म्हणून गर्दीचं पाप धुऊन निघत नाही.

माझं मत असं की आपल्या हवामानात आणि आपल्या वीजपुरवठ्यात दोन्ही हवं. आधी नकाशातच समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि वर झरोके, मग त्यावर एक्झॉस्ट. पावसाळ्यात, रात्री, वारा नसताना पंखा काम करेल आणि लाइट गेली तर खिडकी. फक्त एक लक्षात ठेवायचं, दोन्ही एकाच वेळी नाही. खिडकी सताड उघडी असली तर पंख्याने तयार केलेला दाबातला फरक उरत नाही.

आता आगीबद्दल, कारण हवेचा विचार करताना लोक ती विसरतात. २०२१ हे वर्ष महाराष्ट्र विसरणार नाही. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात दहा बाळं गेली. एप्रिलमध्ये विरारला कोविड आयसीयूला आग. त्याच महिन्यात मुंब्र्याच्या कौसा भागातल्या एका खासगी रुग्णालयात आग, रुग्ण हलवताना चौघांचा मृत्यू. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या, आता अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाच्या कोविड आयसीयूत ११ जण गेले. हवाबंद खोली, भरपूर ऑक्सिजन, दिवसरात्र चालणारी विजेची यंत्रं, आणि हलता न येणारा रुग्ण, ही जोडणीच जीवघेणी आहे. आयसोलेशनच्या नावाखाली खिडकीला कायमचं प्लायवूड ठोकलं किंवा मागचं दार कुलूपबंद केलं तर आपण टीबीपासून वाचवून धुरात मारतोय. पंख्याची वायर, जादा भार, खाट सहज बाहेर निघेल इतकं रुंद दार, हे सगळं त्याच नकाशात यायला हवं.

डॉक्टर 'घरीच आयसोलेट करा' म्हणतात तेव्हा काय, हाही प्रश्न आहेच. गोवंडी-मानखुर्दकडे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर, खोली २२५ चौरस फुटांची, खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. इथे टीबीचं प्रमाण शेजारच्या, जरा मोकळ्या वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं २०१८ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात दिसलं. सात माणसांच्या एका खोलीत कोण कुणापासून वेगळं राहणार? म्हणून अशा वस्त्यांजवळच्या सरकारी आयसोलेशन रूम जास्त असायला हव्यात. जिथे घर मोठं तिथे घरी राहता येतं. हा हिशोब खाटा वाटताना कुणी धरत नाही, लोकसंख्या मोजतात आणि भाग देतात.

पण खोली बांधली तरी लोक तिथे जातील का? खरं सांगायचं तर आपल्या मोहल्ल्यांत 'आयसोलेशन' हा शब्द २०२० मध्ये नासला. तब्लिगीच्या नावाने टीव्हीवर जे चाललं ते सगळ्यांनी पाहिलंय. एप्रिल २०२० मध्ये अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हिंदू-मुस्लिम रुग्णांचे वॉर्ड वेगळे केल्याची बातमी 'इंडियन एक्सप्रेस'ने दिली. गुजरात सरकारने ती नाकारली. नाकारली तरी भीती राहिली. उचलून नेतील, भेटू देणार नाहीत, मय्यतही हातात देणार नाहीत, अशी ती भीती होती. त्यामुळे लोकांनी ताप लपवला, उशिरा नेलं, आणि उशिरा नेल्याने माणसं गेली. दोन वर्षांनी गोवरच्या वेळी पुन्हा घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना दारातून परत पाठवलं गेलं तेव्हा त्यामागे अज्ञानासोबत हा अनुभवही होता.

यावर भाषणांचा उपयोग नाही, भिंतीत काच बसवण्याचा आहे. कॉरिडॉरच्या बाजूला एक मोठी बंद काच आणि दोन्हीकडे एक साधा इंटरकॉम, एवढ्याने घरच्यांना पेशंट दिसतो, बोलता येतं. मूल असेल तर आईला आत झोपायला जागा हवी, कारण गोवर झालेल्या दोन वर्षांच्या पोराला एकटं ठेवता येत नाही. खोलीला स्वतःचा संडास-बाथरूम हवा, नाहीतर पेशंट दिवसातून सहा वेळा कॉरिडॉर ओलांडणार आणि पंख्याची सगळी मेहनत वाया. वजूला पाणी आणि जानमाज अंथरण्याइतकी जागा त्यातच होते, वेगळा खर्च नाही.

पैशाचं म्हणाल तर आपली माणसं मागे राहिलेली नाहीत. मे २०२० मध्ये, रमजानच्या दिवसांत, इचलकरंजीतल्या मुस्लिम समाजाने जकातीच्या रकमेतून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या सरकारी आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा आयसीयू करून दिला. उद्घाटन मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी व्हिडिओवरून केलं. पुण्यात आझम कॅम्पसने मशिदीची जागा क्वारंटाइनसाठी देऊ केली. बांधकामावर जकात लागू होते की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते आपापल्या आलिमांना विचारावं. सदका, लिल्लाह, वक्फचं उत्पन्न हे रस्ते आहेतच. माझा मुद्दा वेगळा आहे. देणगी देताना मशीन दिसतं म्हणून आपण मशीन देतो, त्यावर नाव लिहिता येतं. पंखा आणि झरोका यावर नाव कोण लिहिणार? एखाद्या ट्रस्टने पुढचा व्हेंटिलेटर द्यायच्या ऐवजी आपल्या भागातल्या प्रसूतिगृहात, टीबीच्या डॉट सेंटरमध्ये आणि ओपीडीच्या बसायच्या जागेत खेळती हवा आणून दिली तर जास्त जीव वाचतील असं मला वाटतं. खोकणाऱ्यांना बसायला बाहेर, उघड्यावर, पत्र्याच्या शेडखाली बाक टाकणं हेही त्यात येतं.

आणि झालेलं काम तपासायचं कसं? अगरबत्तीने. आयसोलेशन रूमचं दार बंद करून बाहेर कॉरिडॉरमध्ये दाराच्या खालच्या फटीशी पेटलेली अगरबत्ती धरायची, अर्थात आसपास ऑक्सिजनची लाइन किंवा सिलिंडर नाही ना हे आधी पाहून, आणि सिस्टरला विचारून. ऑक्सिजन असेल तर अगरबत्तीऐवजी टिश्यूपेपरची बारीक पट्टी. धूर किंवा पट्टी आतल्या बाजूला ओढली गेली तर खोली बरोबर चाललीय. बाहेर ढकलली गेली, किंवा सरळ उभीच राहिली, तर दारावर काहीही पाटी असो, ती साधी खोली आहे. मोठ्या हॉस्पिटलांत याचं मीटर दाराशेजारीच लावलेलं असतं, पण ते बंद पडलेलं नाही ना, हेही बघावं लागतं.

नवा सरकारी ब्लॉक असेल तर याहून सोपा मार्ग आहे. ठेकेदाराने इमारत ताब्यात देताना प्रत्येक आयसोलेशन रूमचा दाब आणि तासाला हवा बदलण्याचा आकडा मोजला का, त्याचा अहवाल कुठे आहे, एक्झॉस्ट जनरेटरवर आहे का, फिल्टर बदलण्याचा वार्षिक करार कुणाशी आहे, शेवटचं फायर ऑडिट कधी झालं. हे प्रश्न माहितीच्या अधिकारात एका पानावर मावतात. अर्जाची फी दहा रुपये, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.